कोटाच्या खिशातलं गाव

समुद्रपूरला बदली झाली तेव्हा खोली शोधताना मला सगळ्यांनी तेच तेच विचारलं. लग्न झालं का, मिस्टर कुठे असतात, मच्छी खाता का. काकाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडून त्यांनी मला चष्म्याच्या वरून एकदा आणि चष्म्यातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नकाशा वाचता येते का?"

मी पोस्टात कारकून. माणसांची अक्षरं आणि पत्ते लावण्यात दहा वर्षं गेलेली. "येतो," म्हटलं.

"मंग खोली तुमची. हवा चांगली आहे, पाणी दोन टाइम आहे, मांग मोरी आहे."

"मोरीले छप्पर नाई, ते बी सांगा तिले," आतून एका बाईचा आवाज आला. त्या काकू. काकाजींनी ते ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे कान चांगले होते, पण मोरीचा विषय निघाला की ते बंद व्हायचे. मागच्या अंगणात धुण्याचा दगड, नळ आणि वर थेट आभाळ, अशी ती मोरी होती. मी स्वतः त्या दगडावर तीन उन्हाळे कपडे आपटले आहेत, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात मी तटस्थ वगैरे नाही.

काकाजी भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले. जन्मभर जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते वर्ध्याला गेले आणि रस्त्यावर जुन्या कपड्यांचा ढीग लावतात तिथून एक विलायती कोट घेऊन आले. घरी येऊन खिशात हात घातला तर आत एक घडीचा गुळगुळीत कागद. फ्रान्समधल्या कुठल्याशा छोट्या गावाचं माहितीपत्रक होतं ते. मधोमध नकाशा, नकाशावर एक ते नऊ आकडे, आणि कडेने पाहण्यासारख्या ठिकाणांचे नऊ फोटो. दुसऱ्या कोणी त्यात चिवडा बांधला असता. काकाजींनी तो मोजणीच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि त्या दिवसापासून ते त्या गावचे झाले.

"कोट पैशानं घेतला, गाव त्याच्यावर फुकट भेटलं," असं ते येईल त्याला सांगत.

गावाच्या नावात बारा अक्षरं होती आणि त्यातली निम्मी उच्चारायची नसतात असं त्यांना कुठूनतरी कळलं. "पगार घेते अन काम नाई करत," म्हणून त्यांनी ते नावच रद्द केलं. ते गाव म्हणजे "आपलं गाव" आणि समुद्रपूर म्हणजे "हे गाव". मी राहायला गेले तेव्हा हा संसार सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. एक नंबर म्हणजे एकाच काट्याचं घड्याळ असलेला मनोरा. दोन नंबर म्हणजे बायांचा कपडे धुण्याचा घाट, दगडी काठ, मधून वाहतं पाणी आणि वर लाल कवेलूंचं उतरतं छप्पर. पुढे एक पूल, एक पावाची भट्टी, एक म्हातारं झाड, आणि सात नंबरला चक्क बटणांचं संग्रहालय. बटणं पाहायला लोक तिकीट काढतात हे काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही.

नकाशा अंगात एवढा भिनला होता की त्यांनी तो समुद्रपूरवरच अंथरला. एसटी स्टँड चार नंबर. तालमीजवळची पानटपरी पाच नंबर. आमचं पोस्ट सात, म्हणजे बटणांचं संग्रहालय, आणि पेन्शनच्या दिवशीची गर्दी पाहून मलाही ते कधी कधी बरोबर वाटायचं. गल्लीला आधी हसू आलं, मग सवय झाली. आटोवाले "पाच नंबरले सोडू का?" म्हणून विचारायला लागले. तहसीलमध्ये नव्याने आलेल्या एका साहेबांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं की हे प्रभाग क्रमांक नवीन पडलेत का. मी हो म्हटलं. कुठे समजावत बसता.

मे महिन्यात, डांबर वितळायच्या उन्हात, काकाजी छत्री उघडून निघत. उन्हासाठी नाही. मोबाइलवर त्यांनी त्या गावचं हवामान लावून ठेवलं होतं. "आपल्याकडं बारीक बारीक चालू आहे," म्हणायचे. काकू कपाळावर हात मारायच्या. "उन्हापायी छत्री घ्या म्हणलं तं घेत नाई. तिथं पाणी पडलं की घेते. काय बोलावं या मानसाले!" काकूंनी त्या गावाला "सवत" असंच नाव ठेवलं होतं. काकाजी नकाशावर बोट ठेवून सांगायला लागले की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी एक नंबरच्या पुढे काही ऐकलं नव्हतं.

बाकी जग मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा आम्ही तिघं गिरडच्या दर्ग्याला गेलो होतो. टेकडी चढताना काकाजींनी सवयीने सुरुवात केली, मनोरा कोणत्या दगडाचा, घड्याळाचा दुसरा काटा का लावला नाही, घंटा किती वेळा फुटली. बाहेरगावचं एक कुटुंब मागून येत होतं. त्यांना वाटलं, हा इथलाच जाणकार माणूस आहे. ते श्रद्धेने कान देऊन चढत राहिले. वर दर्ग्यापाशी पोचल्यावर त्यातल्या गृहस्थाने चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "ते घड्याळ कुठं आहे जी?"

"अजून पुढं आहे," काकाजी म्हणाले.

"किती?"

"असन सात हजार किलोमीटर."

मी पायऱ्यांवर बसून पोट धरून हसले. काकूंनी त्या कुटुंबाला पेरू कापून दिले आणि माफी मागितली.

पण एकदा, कशावरून आठवत नाही, मी त्यांना चिडवलं की काकाजी, जायचं नाही, यायचं नाही, एवढं काय आहे त्या गावात? ते एरवीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, तीस वर्ष लोकाइच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राह्यलो. साखळी घेऊन गेलो की दोन भाऊ दोन बाजूनं दगड घेऊन उभे. ज्याच्या बाजूनं निघालं तो बी शिव्या दे, नाई निघालं तो बी दे. ह्या एका गावात मी गेलतो अन मले कोणी हाकललं नाई." मी नंतर त्यांना तसं कधी चिडवलं नाही, निदान त्या मुद्द्यावरून तरी.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना दोन नंबरवर संकट आलं.

त्या गावाच्या नगरपालिकेची स्वतःची वेबसाइट होती आणि ती माझ्या मोबाइलवर भाषांतर करून दर रविवारी काकाजींना वाचून दाखवणं हे माझ्या भाड्यातच धरलेलं होतं. त्या रविवारी जाहीर सूचना लागली होती. कपडे धुण्याच्या जुन्या घाटाचं छप्पर एका बाजूने खचलं आहे. दुरुस्त करावं की उतरवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करावी, याचा विचार चालू आहे. नागरिकांनी आपलं मत दोन महिन्यांच्या आत कळवावं.

काकाजी उठून उभे राहिले. "म्हणजे हरकती मांगवल्या!"

"मत मागवलंय, काकाजी. नागरिकांचं."

"तेच ते. हरकती व सूचना. मुदत आहे ना? मंग झालं."

माझं त्यापुढे काही चाललं नाही. जन्मभर सरकारी कागद केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी अर्ज तयार. प्रति, माननीय नगराध्यक्ष. विषय, दोन नंबरच्या घाटाचे छप्पर पाडण्याबाबत हरकत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, सदर घाट हा पूर्वापार वहिवाटीचा असून. ओळख पटावी म्हणून स्वतःचा सातबारा जोडला. शेवटी "प्रत माहितीस्तव सादर" म्हणून फ्रान्सच्या राष्ट्रपतींचंही नाव टाकलं. ईमेल करू म्हटलं तर म्हणाले, "ईमेलवर आवकचा शिक्का कुठं लागते?" शेवटी मराठी अर्ज वर, मोबाइलने केलेलं फ्रेंच खाली, असं ठरलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून'चं त्या मोबाइलने फ्रेंचमध्ये काय केलं ते देवाला ठाऊक.

एका माणसाच्या हरकतीला कोण विचारतं? म्हणून बाजाराच्या दिवशी काकाजी कोट घालून, टेबल घेऊन भाजीबाजाराच्या तोंडाशी बसले. मी जेवणाच्या सुट्टीत पाहायला गेले तर टेबलाभोवती ही गर्दी. पुरुष चौकशाच करत होते. कोणत्या वॉर्डात येते, कोणत्या पक्षाची सत्ता आहे, अतिक्रमण आहे का. एका म्हाताऱ्या कास्तकाराने विचार करून विचारलं, "पण मंग त्याइनं गाड्या कुठी ठेवाव्या?" काकाजींनी पत्रकातल्या झाडावर बोट ठेवलं. "या झाडाखाली. सावली बी आहे." म्हाताऱ्याचं समाधान झालं, त्याने अंगठा दिला.

खरी चळवळ केली ती बायांनी. फोटो हातोहात फिरला. वांगी विकणारी एक बाई तो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "अवो माय, धुणं धुवाले छप्पर! अन हे पाडून राह्यले? डोस्कं फिरलं का त्याइचं?" दुसरी म्हणाली, "गाडीले ऊन लागते अन बाईले नाई लागत काय!" मग सह्यांना रांग लागली. चार कागद दोन्ही बाजूंनी भरले. इतका एकमताचा अर्ज समुद्रपुरातून आजवर कुठल्याच कचेरीत गेला नसेल.

सही नव्हती ती एकाच बाईची.

काकाजी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काकू पोळ्या लाटत होत्या.

"सही कर."

"माह्या मोरीवर चार पत्रे टाका. मंग पाहू."

"अवं, तिथं मुदत आहे!"

"इथं मुदत नाई म्हणूनच अठरा वर्ष झाले."

काकाजी तसेच परत आले. मला म्हणाले, "तिची राहू दे. गाव पाह्यलं नाई तिनं, तिले काय समजणार." हे ते स्वतः न पाहिलेल्या गावाबद्दल म्हणत होते, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही.

पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं. चिकटव, रजिस्टर कर, पोच घे. दुपारी मी काउंटरवर असताना समोर काकू उभ्या. माझ्या तीन वर्षांत त्या पोस्टात पहिल्यांदाच आल्या होत्या. पदराखालून त्यांनी वहीचं एक पान काढलं. "याले फ्रान्सची भाषा लावून दे, अन त्याइच्यासंगच टाक. त्याइले सांगू नोको."

पानावर लिहिलं होतं ते असं:

"नगराध्यक्ष भाऊले नमस्कार. माहे मालक तुमच्या गावचे आहेत. फक्त राह्यते इथं. तुमच्या घाटाचं छप्पर राह्यलं पाह्यजे, याले माही ना नाई, बायाइले ऊन लागते. पण माह्या मोरीले अठरा वर्षापासून छप्पर नाई. म्या सांगतलं तं आयकत नाई. तुमचं आयकतीन. तरी तुम्ही त्याइले तसा आदेश द्यावा, ही इनंती. आपली वहिनी."

दुसऱ्याच्या पाकिटात काही घालणं आमच्या खात्यात फार वाईट. पण पाकीट अजून चिकटवायचं होतं, आणि मला माझ्या मानेवरची उन्हाने सोललेली कातडी आठवली. मी भाषांतर लावलं, पान आत सरकवलं आणि डिंक जरा जास्तच लावला.

तीनेक आठवड्यांनी पोच आली, तिच्यावर तिकडचा गोल शिक्का. काकाजींनी ती आठवडाभर खिशात बाळगली आणि चार नंबरपासून नऊ नंबरपर्यंत सगळ्यांना दाखवली. मग वाट पाहणं सुरू झालं. सकाळी मी डाक फोडायला बसले की खिडकीच्या गजांतून त्यांचा चष्मा दिसे. "आलं का मॅडम?" घरी मी पोरी, पोस्टात मॅडम, हा भेद त्यांनी कधी मोडला नाही. छप्पर राहतंय की पडतंय, याच्यावर त्यांचं खाणं-पिणं अडलं होतं. एरवी चार पोळ्या खाणारा माणूस दोनवर आला. काकू तिसरी पोळी ताटात वाढून ठेवायच्या आणि ती तशीच परत न्यायच्या.

पत्र आलं ते एप्रिलात, दोघांच्या नावाने. मी ते पोस्टात उघडू दिलं नाही. घरी ओसरीवर बसलो. काकाजी खुर्चीत, काकू खाली तांदूळ निवडत, आणि मी मोबाइल धरून पत्र एकेक ओळ वाचत होते.

नगराध्यक्ष भाऊ नव्हते, बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं की सह्यांचे आणि अंगठ्यांचे कागद सभेत टेबलावर पसरून ठेवले होते, आणि ते पाहायला गावातली माणसं आली. त्यांच्या स्वतःच्या गावातून जेवढी मतं आली त्याहून जास्त समुद्रपूरहून आली होती. गाड्यांचा विचार त्यांनी सोडला. घाट राहील, पाणी राहील. पण छप्पर वाचवता येत नाही. तुळया आतून कुजल्या आहेत, खालून जाणं धोक्याचं झालं आहे. ते याच महिन्यात उतरवणार.

काकाजी म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं. भाषांतरात काही चुकलं असेल म्हणून तेच वाक्य दुसऱ्यांदा मोबाइलला घातलं. छप्पर उतरवणारच होते.

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कवेलू उतरवले की फुटते," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. वेडेपणा होता, मान्य आहे, पण वेड्या माणसाचं नुकसान काय कमी असतं?

"खाली अजून आहे," मी म्हटलं. खाली असं होतं: श्रीमतींच्या अर्जावर सभेत वेगळी चर्चा झाली. ज्या गृहस्थांना आमच्या घाटाच्या छपराची इतकी काळजी आहे, त्यांनी श्रीमतींच्या धुण्याच्या जागेवर छप्पर घालावं, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला आहे. पूर्ण झाल्यावर कृपया फोटो पाठवावा. खाली सही आणि गोल शिक्का.

काकाजींनी काकूंकडे पाहिलं. काकू तांदळातला खडा शोधत होत्या.

"अर्ज कोणी केलता?"

"मीनं."

"काऊन?"

"तुम्ही त्याइच्याच गावचे ना? मंग त्याइलेच सांगतलं."

काकाजींनी पत्र हातात घेतलं आणि शिक्का चष्म्याच्या वरून एकदा आणि चष्म्यातून एकदा पाहिला. म्हणाले, "सर्वानुमते आहे," आणि उठून मोजपट्टी शोधायला गेले.

काकूंना चार पत्रे हवे होते. काकाजी ऐकायला तयार नाहीत. "ठरावात छप्पर म्हणलं, पत्रे नाई म्हणलं." पत्रकातल्या फोटोवरून त्यांनी उतार काढला, फोटोतल्या एका बाईच्या उंचीवरून खांबांची उंची काढली. मी म्हटलं, काकाजी, तो घाट तीस बायांचा आहे, आपल्याला एकच दगड झाकायचाय, जरा लहान करा. ते म्हणाले, "नकाशा लहान करता येते. छप्पर कसं लहान करणार?" ज्यांनी नव्या स्लॅबची घरं बांधली त्यांच्या मागच्या अंगणात जुन्या कवेलूंचे ढीग पडलेलेच होते. गल्लीतल्यांनी ते हातोहात आणून दिले. महिनाभर खटपट चालली आणि मोरीवर जे उभं राहिलं ते आमच्या घराहून उंच होतं. पेरूचं झाड त्याच्या पोटात गेलं. माकडांना ते पहिल्या दिवसापासून आवडलं. आणि जन्मभर लोकांच्या हद्दी धरून ठेवणाऱ्या माणसाचं छप्पर शेजारणीच्या अंगणात चांगलं हातभर शिरलं. शेजारीण तक्रार घेऊन आली नाही. ती स्वतःचा धुण्याचा दगड घेऊन आली आणि त्या हातभर सावलीत मांडून मोकळी झाली.

फोटो गेला. तिकडचं छप्पर उतरलं त्याच सुमारास इकडचं चढलं. काकू खूश होत्या, मी खूश होते, गल्लीतल्या आठ-दहा बाया रोज दुपारी खूश होत्या. काकाजी मात्र पत्र आल्या दिवसापासून त्या गावाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. वरून आलेलं सरकारी काम असल्यासारखे ते महिनाभर राबले, आणि काम संपल्यावर ओसरीवर नुसते बसून राहायला लागले. हवामान पाहणं बंद. रविवारी मी मोबाइल घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे." पत्रक घडी करून कोटात ठेवलं होतं आणि कोट पेटीत. आटोवाल्याने "पाच नंबरले सोडू का?" विचारलं तर म्हणाले, "पानटपरीपाशी सोड." हे ऐकलं तेव्हा मला भीती वाटली.

त्या शनिवारी मी सुट्टीवर होते. काकू एकट्याच मोरीवर धुणं घेऊन बसल्या होत्या, मी पिळे वाळत घालत होते. स्वयंपाकघरात वरणाचा कुकर लावलेला. काकाजी पाणी प्यायला म्हणून मागे आले आणि छपराचा एक खांब हलतो का ते पाहून परत निघाले.

काकूंनी हातातलं धोतर दगडावर ठेवलं, साबणाचे हात पाण्यात बुडवले आणि म्हणाल्या, "अजी, बसा इथं."

"काय झालं?"

"काई नाई. त्या गावात काय काय आहे ते सांगा मले."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी शिकवून ठेवलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग ते धुण्याच्या पालथ्या बादलीवर बसले, घसा साफ केला आणि विचारलं, "कुठून सांगू?"

"एक नंबरपासून सांगा. पन लवकर. कुकर लावला आहे, तीन शिट्ट्या होतपर्यंत."

काकाजींनी मनोऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या शिट्टीला ते पाया खणत होते. दुसऱ्या शिट्टीला दगड कुठल्या खाणीतून आणला ते. तिसरी झाली तेव्हा घड्याळ अजून वर चढवायचं होतं.

काकू उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला, आणि परत येऊन बसल्या.